घाटात गाडीने मान टाकली म्हणून लगेच पंप बदलू नका : टर्बो गाडीतला फ्यूएल कट असा शोधा

पुण्याकडून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ लागतो. तिथे उसाच्या एका ट्रकला मागे टाकायला म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि मागून कुणी दावं ओढावं तसा गाडीला हिसका बसला. बेल्ट छातीवर आवळला. पाय उचलला, पुन्हा हलका दिला, तर गाडी शहाण्यासारखी चालू लागली. दिवा नाही, आवाज नाही, धूर नाही. पुढचे दोन आठवडे सपाट रस्त्यावर काहीच झालं नाही. पुन्हा घाट, पुन्हा हिसका.

पहिल्या मिस्त्रींनी दोन मिनिटांत निकाल दिला, "साहेब, पंप गेलाय." इंधनाचा पंप बदलला, साडेसात हजार गेले. हिसका कायम. मग प्लग बदलले. मग दुसऱ्या एका ठिकाणी टर्बोच (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) बदलावा लागेल म्हणून नव्वद हजारांचा आकडा ऐकला आणि मी गाडी घेऊन घरी आलो. सहा आठवड्यांनी दोष सापडला तो बोटभर लांबीच्या रबरी नळीत. नळीची किंमत १२० रुपये.

मी बँकेत नोकरी करतो, मिस्त्री नाही. पण या सहा आठवड्यांत जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर पंपाचे पैसे वाचले असते. म्हणून हा लेख. तो मुख्यतः टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलंय.

आधी एक शब्द नीट समजून घ्या. फ्यूएल कट म्हणजे इंजिनला इंधन कमी पडणं नाही. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीएम, स्वतःहून इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या) बंद ठेवतो तेव्हा त्याला फ्यूएल कट म्हणतात. टर्बोने ठरल्यापेक्षा जास्त हवा कोंबली तर सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढून पिस्टन वितळू शकतो. ते होऊ नये म्हणून ईसीएम इंधन तोडतो. तेव्हा पहिला प्रश्न असा: ईसीएमने इंधन तोडलं, की इंधन पोचलंच नाही, की इंधन पोचलं पण जळलं नाही? सीटवर बसून तिन्ही सारखेच वाटतात. दुरुस्ती मात्र तीन वेगळ्या ठिकाणी आहे.

कामाला लागणारं सामान

- ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावून ईसीएममधले आकडे मोबाइलवर आणणारा जोड. ब्लूटूथवाला साधा चालतो, पण अगदी स्वस्तातली नक्कल घेऊ नका. ती मध्येच तुटते, नेमकी हिसक्याच्या वेळी.
- मोबाइलमध्ये लॉग (आकड्यांची क्षणाक्षणाची नोंद) साठवणारं कुठलंही ओबीडी ॲप. नुसते आकडे दाखवणारं उपयोगाचं नाही, फाइल साठवता आली पाहिजे.
- बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, स्क्रूड्रायव्हर, क्लॅम्प आवळायला पाना.
- सोबतीला एक माणूस. हे सामान नव्हे, पण सगळ्यात गरजेचं. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. माझ्याकडे पुतण्या होता.
- कागद: सर्व्हिसची जुनी बिलं, वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटीचं पत्रक, आणि पेट्रोल कुठे, कधी भरलं त्याच्या पावत्या.

गाडी वॉरंटीत असेल तर पायरी ३ नंतर थांबा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. स्वतः नळ्या उपसल्या की पुढे वाद होतो.

१. हा कट नेहमीचा तर नाही ना?

निरोगी गाडीसुद्धा दिवसातून शेकडो वेळा इंधन तोडते. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात. इंजिन लाल रेषेपर्यंत नेलं की तोडते. काही गाड्यांत उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस दिली तर ४,००० च्या आसपासच थांबवलं जातं. तिथे "गाडी रेस घेत नाही" म्हणून घाबरू नका.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे ब्रेकचा स्विच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार) बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले गेले, की ईसीएम ताकद कमी करतो. ब्रेक पेडलमागचा स्विच खराब झाला तर पाय ब्रेकवर नसतानाही ईसीएमला ब्रेक दाबलाय असं वाटतं. संध्याकाळी भिंतीपाशी गाडी उभी करून मागचे लाल दिवे विनाकारण लागतात का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

२. हिसका कसा आहे ते लिहून ठेवा

मिस्त्री विचारतात, "गाडी काय करते?" आणि आपण म्हणतो, "झटके मारते." एवढ्याने काही कळत नाही. झटक्यांच्या जाती असतात.

भिंतीवर आदळल्यासारखा एकच दणका, सगळी ताकद क्षणात शून्य, पाय उचलताच सगळं ठीक: हा खरा फ्यूएल कट असण्याची शक्यता जास्त.

ताकद हळूहळू विरत जाते, गाडी दम लागल्यासारखी चालते, पाय जास्त दाबला तर आणखी मरगळते: इंधन कमी पोचतंय.

अडखळत, फट-फट करत, जुन्या स्कूटरसारखी मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो: ठिणगी कमी पडतेय. दिवा लुकलुकत असताना तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि बाद होतो.

ताकद गेली ती गेलीच, गाडी बंद करून चालू केल्याशिवाय परत येत नाही: याला लिंप मोड म्हणतात. डिझेल गाड्यांत हा प्रकार जास्त दिसतो.

आणि धावत्या गाडीत गिअर असतानाही आरपीएमचा काटा क्षणभर शून्यावर पडत असेल तर टर्बोचा विचारच सोडा. चाकं इंजिन फिरवत असताना काटा शून्यावर येतो याचा अर्थ क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर. हा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि गार झाला की साळसूद होतो.

सोबत हेही लिहा: कुठला गिअर, किती आरपीएम, टाकीत पेट्रोल किती, गाडी गार होती की तापलेली, चढ होता का, पाऊस होता का. माझ्या वहीत सहा नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की सहाही वेळा गाडी अर्धा तास चाललेली होती. तापल्याशिवाय दोष येत नव्हता. हे मला महिन्याभराने कळलं, कारण वही मी महिन्याभराने केली.

३. कोड वाचा, पुसू नका

डोंगल लावा, कोड वाचा. दिवा लागलेला नसला तरी वाचा. नोंदलेल्या कोडशिवाय "प्रलंबित" कोडांचा वेगळा रकाना असतो. एकदाच घडलेला दोष दिवा न लावता तिथे पडून असतो. माझा पी ०२३४ तिथेच होता. असायला हवा होता, असं म्हणायला पाहिजे. कारण पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरी काढून ठेवली आणि तो पुसला गेला.

उपयोगाचे कोड हे:

- पी ०२३४ : टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा जास्त
- पी ०२९९ : टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा कमी
- पी ०२४३, ०२४५, ०२४६ : वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणारी झडप) सोलेनॉइडचं (तिच्याकडे जाणारी हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व) सर्किट
- पी ०१०६, ०१०७, ०१०८ : मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातला) दाब मोजणारा
- पी ००८७ : इंधनाच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी) दाब कमी
- पी ०१७१ : मिश्रणात इंधन कमी
- पी ०३०० ते ०३०४ : मिसिंग, शेवटचा आकडा सिलिंडरचा
- पी ०३३५ : क्रँक सेन्सर

कोडबरोबर "फ्रीझ फ्रेम" नावाचं पान असतं. दोष आला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, तापमान त्यात साठवलेले असतात. त्याचा फोटो काढा, मगच पुढचं. कोड पुसला की हे पानही जातं.

इथला सापळा म्हणजे कोड वाचून लगेच त्या नावाचा पार्ट मागवणं. पी ०२३४ चा अर्थ "टर्बो खराब" असा नाही. उलट टर्बो इतका धडधाकट आहे की आवरत नाही, एवढाच. आणि मॅप सेन्सरचा कोड आला तरी निम्म्या वेळा सेन्सर ठीक असतो, खोड पाइपमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असते.

४. बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा (इंजिन गार असताना)

गार म्हणजे खरंच गार. टर्बोचा एक्झॉस्टकडचा भाग लाल होण्याइतका तापतो, हाताला लागला तर खूण राहते.

एअर फिल्टरपासून सुरुवात करा आणि हवेच्या वाटेने जा: फिल्टर, टर्बो, इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा), थ्रॉटल. प्रत्येक सांध्याचा क्लॅम्प हाताने हलवून बघा. सांध्यापाशी तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर तिथून हवा सुटते आहे. पाइपमध्ये थोडं तेल असणं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही.

मग बारीक नळ्या. वेस्टगेटचा ॲक्चुएटर म्हणजे टर्बोला चिकटलेली डबी, तिच्यातून एक दांडी निघते. त्या डबीकडे जाणारी नळी बोटांनी वाकवून बघा. सरळ असताना चीर दिसत नाही, वाकवली की तोंड उघडते. पावसाळ्यात उंदीर आत येऊन बसतात आणि नळ्या, वायरी कुरतडतात. लेंडी दिसली तर प्रत्येक वायर तपासा. माझी नळी मी या पायरीला एकदा बघून "ठीक आहे" म्हणून सोडली होती. वाकवली नव्हती.

ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रिक ॲक्चुएटर आहे, म्हणजे डबीला नळीऐवजी कनेक्टर आहे, त्यांनी कनेक्टरच्या पिनांवर गंज बघावा.

५. किल्ली ऑन, इंजिन बंद: सेन्सर खोटं बोलतोय का?

ही चाचणी फुकट आहे आणि जवळपास कुणीच करत नाही. इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा आणि ॲपमध्ये मॅपचा आकडा बघा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याच हवेचा दाब असतो. मुंबईत किंवा पणजीत तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा, पुण्यात ९५ च्या जवळ, पाचगणीत ८७ च्या. आकडा यापासून पाच-सातने फरकत असेल तर सेन्सर किंवा वायरिंगवर संशय घ्या. सेन्सर खरं बोलत नसेल तर पुढचा सगळा लॉग निरर्थक.

यातून घाटाचं कोडंही थोडं उलगडतं. उंचीवर बाहेरची हवा विरळ असते. मॅनिफोल्डमध्ये तेवढाच दाब आणायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. त्यात चढावर इंजिनवर भार सलग असतो, सपाटीवर आपण पाय इतका वेळ दाबून ठेवतच नाही. म्हणून सपाटीला झाकलेले दोष घाटात बाहेर पडतात.

६. लॉग घ्या

मोकळा रस्ता, दिवसाची वेळ, मागेपुढे गाडी नाही, वेगमर्यादेच्या आत. सौम्य चढ असेल तर उत्तम, कमी वेगात भार मिळतो. वळणांच्या घाटात आणि ओव्हरटेक करताना ही चाचणी करायची नाही. ताकद गेली तर समोरच्या गाडीसमोर अडकाल. टाकी निम्म्याच्या वर ठेवा. टाकी रिकामी असली तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि भलताच दोष हाती लागतो.

ॲपमध्ये जेमतेम पाच-सहा गोष्टी निवडा. साधा डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे आणतो. वीस गोष्टी निवडल्या तर प्रत्येकीचा आकडा तीन सेकंदांनी येईल आणि हिसका दोन आकड्यांच्या मधे निसटेल. मी निवडलेल्या: आरपीएम, मॅप, पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, रेल प्रेशर, लॅम्डा.

तिसरा गिअर, २,००० आरपीएम, आणि पाय शांतपणे पूर्ण खाली. हिसका बसताच पाय उचला. तीनदा करा, त्याहून जास्त नको. जो कट इंजिन वाचवायला बसवलाय त्यावर पुन्हा पुन्हा आदळणं इंजिनच्या हिताचं नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा: ओबीडीच्या ठरलेल्या पद्धतीत मॅपचा आकडा एका बाइटमध्ये येतो, म्हणून २५५ किलोपास्कलच्या वर तो जाऊच शकत नाही. तुमच्या लॉगमध्ये आकडा २५५ वर चिकटला तर खरा दाब त्याहून जास्त असू शकतो.

७. लॉग वाचा

इथे वेळ द्या. माझ्या लॉगमधला दीड-दोन सेकंदांचा तुकडा असा होता. पेडल पूर्ण. मॅप १५१, १७०, १८६, २०४, २१९. रेल प्रेशर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्थिर. लॅम्डा ०.८८ वरून एका उडीत १.९९. त्यापुढच्या ओळीला मॅप १३०.

आता याचा अर्थ लावू. लॅम्डा १ म्हणजे हवेला पुरेल तेवढंच इंधन, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त, वर म्हणजे हवा जास्त. ०.८८ वरून थेट १.९९ (ओबीडीत दिसू शकतो त्याच्या टोकाला) म्हणजे एक्झॉस्टमध्ये नुसती हवा आली. इंधन पूर्ण बंद झालं, तेही एका क्षणात. रेलमध्ये दाब भरपूर होता, म्हणजे इंधन दारात उभं होतं, दार ईसीएमने लावलं. का लावलं? मॅप २१९ ला पोचला होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे हीच गाडी आहे. त्याची अर्धा तास मागून घेतली, त्याच रस्त्यावर तोच लॉग केला. तिचा मॅप १८२ च्या पुढे गेलाच नाही.

म्हणजे माझा टर्बो आवरत नव्हता. पंप निर्दोष होता आणि तो मी बदलून बसलो होतो.

तुमचा लॉग वेगळा असेल. ढोबळ खुणा अशा:

मॅप वाढत जाऊन अचानक लॅम्डा टोकाला, रेल स्थिर: ओव्हरबूस्टचा, म्हणजे टर्बोचा दाब जास्त झाल्याचा कट. पायरी ८.

रेल प्रेशर आधी घसरतं, मागोमाग लॅम्डा हळूहळू १ च्या वर सरकतो, मॅप नेहमीसारखा: इंधनाची तूट. पायरी ९.

मॅप ठीक, रेल ठीक, लॅम्डा वरखाली नाचतो आणि मिसिंगचे आकडे वाढतात: ठिणगी. पायरी १०. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजनही लॅम्डा सेन्सरला "हवा जास्त" असाच दिसतो, म्हणून नुसत्या लॅम्डावरून इंधन कमी आहे असा निष्कर्ष काढू नका. मोठमोठे लोक इथे फसतात.

पेडल १०० टक्के पण थ्रॉटल आपोआप ३०-४० टक्क्यांवर आलेला: ईसीएमने इंधन तोडण्याऐवजी हवेचं दार ओढून घेतलं. नव्या गाड्या बऱ्याचदा असंच करतात. धक्का मऊ असतो, कारण मात्र बहुधा पायरी ८ मधलंच.

जुन्या गाडीत वाइडबँड (लॅम्डाचा नेमका आकडा देणारा) सेन्सर नसेल तर लॅम्डाऐवजी व्होल्ट दिसतील. भाराखाली ०.८ ते ०.९ व्होल्ट असायला हवेत, कट बसला की शून्याजवळ पडतात.

८. दाब जास्त होत असेल तर

दाबावर चालणाऱ्या ॲक्चुएटरची साखळी साधी आहे. टर्बोने दाबलेली हवा नळीतून सोलेनॉइडकडे, तिथून ॲक्चुएटरच्या डबीत जाते, डबी दांडी ढकलते, दांडीने वेस्टगेटची झडप उघडते आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. या साखळीत कुठेही हवा गळली तर डबीपर्यंत दाब पोचत नाही, झडप बंद राहते आणि टर्बो मोकाट सुटतो. माझ्या नळीची चीर गार असताना मिटलेली असायची, रबर तापून मऊ झालं की उघडायची. अर्ध्या तासाचं कोडं ते हे.

डिझेलवाल्यांनी इथे सावध व्हावं. बऱ्याच डिझेल टर्बोंचे ॲक्चुएटर व्हॅक्यूमवर चालतात. तिथे नळी फाटली तर साधारण उलटं होतं, दाब कमी पडतो आणि पी ०२९९ येतो.

तपासायचा क्रम:

नळ्या आधी. संशय असेल तर तपासत बसू नका, बदला. सिलिकॉनची किंवा तेल-उष्णता सोसणारी नळी घ्या, मत्स्यालयाची पारदर्शक नळी नको. ती आठवड्यात वितळते (हा प्रयोग मीच केला).

मग ॲक्चुएटर. मापकवाल्या छोट्या हातपंपाने डबीत हळूहळू हवा भरा. ठरावीक दाबाला दांडी सरकायला लागली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर काटा तिथेच राहिला पाहिजे. काटा उतरला तर आतला पडदा फाटलाय. १ बारच्या वर जाऊ नका.

दांडी सरकते पण जड, करकरत? मग झडपेवर साचलेला गंज-काजळ. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतं.

दोष सोलेनॉइडचाच आहे का, हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. त्याचा कनेक्टर तसाच ठेवा, नळ्या काढा आणि टर्बोच्या हवेची नळी थेट ॲक्चुएटरला जोडा. आता दाब फक्त ॲक्चुएटरच्या स्प्रिंगएवढा राहायला हवा, म्हणजे नेहमीपेक्षा कमी. हिसका गेला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या नळ्यांत. तरीही दाब चढला तर झडप किंवा ॲक्चुएटर. चाचणीनंतर कमी दाबाचा कोड येईल, तो अपेक्षित आहे. नळ्या काढण्याआधी फोटो घ्या. सोलेनॉइडला तीन तोंडं असतात आणि अदलाबदल झाली की नवीनच दोष तयार होतो.

गाडीला मोकळा एक्झॉस्ट किंवा रीमॅप (ताकद वाढवायला ईसीएमचा प्रोग्रॅम बदलणं) केलेला असेल तर मिस्त्रींना ते लपवू नका. एक्झॉस्ट मोकळा झाला की वेस्टगेटची झडप पूर्ण उघडूनही पुरी पडत नाही आणि वरच्या आरपीएमला दाब सरपटत चढतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी खाली वाकून पाइप बघावा, आधीच्या मालकाची हौस तिथे दिसते.

आणि हा सगळ्यात महागडा सापळा. कुणीतरी सांगेल, "कट काढून टाकू." जपानमध्ये एचकेएस या ताकद वाढवायचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीने यासाठी फ्यूएल कट डिफेन्सर नावाची डबीच विकली. अशी डबी दाबाच्या सेन्सरचा सिग्नल ठराविक पातळीच्या वर जाऊ देत नाही, म्हणून ईसीएमला जास्तीचा दाब कळतच नाही. इंजिनची पूर्ण बांधणी आणि इंधनाचं गणित नव्याने केलेल्या माणसाच्या हातात तिला अर्थ होता. दोष असलेल्या घरगुती गाडीत ती लावणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. जास्तीच्या हवेला इंधन मिळत नाही आणि पिस्टन जातो.

९. इंधन कमी पडत असेल तर

थेट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत दोन पंप असतात. टाकीतला काही बारचा, इंजिनवरचा शंभर-दोनशे बारचा. उच्च दाबाच्या लाइनला घरी हात लावायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. डिझेलच्या रेलमध्ये तर हजार बारच्या वर दाब जातो. त्या गळतीची बारीक धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

घरी करता येतं ते एवढंच: टाकी भरून बघा, फिल्टर कधी बदललाय ते बिलात शोधा, आणि पंपाला भाराखाली किती व्होल्ट मिळतात ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगला पंपही मरगळतो. मिस्त्रींनी उभ्या गाडीत प्रेशर बघून "ठीक" म्हटलं तर मान्य करू नका, तूट भाराखालीच दिसते.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल थोडं. तेवढ्याच हवेला ई-२० पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के जास्त लागतं. म्हणून जुन्या गाडीत फ्यूएल ट्रिम (ईसीएम इंधनात करतो ती टक्क्यांतली वाढ-घट) अधिक ८ च्या आसपास दिसला तर लगेच गळती शोधायला धावू नका. अधिक १५-२० दिसला तर धावा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल आधी बदला, मग निदान करा.

१०. ठिणगी कमी पडत असेल तर

दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी पडणं अवघड होतं. म्हणून मिसिंग नेमकं टर्बो भरात आल्यावर सुरू होतं आणि कटसारखं भासतं. टर्बो पेट्रोलमध्ये फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत बघा. नेहमीच्या गाडीचे प्लग "तेच असतात" म्हणून बसवून देतात, बसवू देऊ नका. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा. कोड तिकडे सरकला तर कॉइल गेली.

११. मिस्त्रींकडे जाताना

छापलेला लॉग, फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि वही घेऊन जा. "पंप बघा" असं म्हणू नका, त्यांचं काम आपण सांगितलेलं त्यांना आवडत नाही आणि बरोबरच आहे. "तिसऱ्या गिअरमध्ये ३,२०० ला मॅप २१९ जातो आणि इंधन तुटतं" एवढं सांगा. शेवटी ज्यांनी नळी शोधली ते काका वाईजवळ छोटं गॅरेज चालवतात. लॉगचा कागद त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला, काही न बोलता बॉनेट उघडलं आणि नळी वाकवली.

तीन गोष्टी ठरवून घ्या. पार्ट बदलण्याआधी फोन करायचा. जुना पार्ट पिशवीत घालून परत द्यायचा. बॅटरी काढायची नाही, काढायची असेल तर आधी कोडांचा फोटो.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तेवढीच गाडी तापवून, तोच लॉग पुन्हा घ्या. मी पसरणी घाटातही घेतला, पुतण्याला पाचगणीची भजी कबूल केली होती. मॅप १८४ ला थांबला. बदललेला जुना पंप अजून माझ्या माळ्यावर आहे, तो उत्तम चालतो.